जुन्या बंडखोराची ॲम्नेस्टी

ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने स्थापनेपासून एक नियम कसोशीने पाळला. विचार, धर्म किंवा वंश यांपायी तुरुंगात पडलेल्या माणसाला संस्था ‘सदसद्विवेकाचा कैदी’ म्हणून आपलासा करी. मात्र त्या माणसाने हिंसा केलेली नसावी आणि हिंसेचा पुरस्कारही केलेला नसावा, अशी अट होती. ही अट भूतकाळालाही लावली, तर संस्थेच्या आंतरराष्ट्रीय कार्यकारिणीचे १९६३ ते १९७४ या काळातले अध्यक्ष शॉन मॅक्ब्राइड हेच तिच्यात नापास होतात. त्यांनी मिसरूड फुटण्याच्या वयात आयरिश रिपब्लिकन आर्मीत बंदूक हाती घेतली होती. १९३६ मध्ये ते काही काळ त्याच आयआरएचे सेनाप्रमुख, म्हणजे ‘चीफ ऑफ स्टाफ’ होते.

ॲम्नेस्टीचा इतिहास सांगताना बहुतेक लेखक पीटर बेनेन्सन यांच्यापाशी थांबतात. संस्था त्यांनी काढली, त्यामुळे ते स्वाभाविकही आहे. पण संस्था काढणे आणि ती उभी ठेवणे ही दोन वेगळी कामे असतात. पुष्कळदा ती दोन वेगळ्या स्वभावांची माणसे करतात. ॲम्नेस्टीच्या बाबतीत दुसरे काम बऱ्याच अंशी मॅक्ब्राइड यांच्या वाट्याला आले. त्यांनी ते कसे केले हे समजायचे, तर लंडनच्या आधी डब्लिनच्या तुरुंगात जावे लागते.

मॅक्ब्राइड यांचा जन्म २६ जानेवारी १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. आई मॉड गॉन आयरिश स्वातंत्र्यासाठी सभा गाजवणारी, आणि कवी येट्सने जन्मभर जिच्यासाठी झुरावे अशी. वडील मेजर जॉन मॅक्ब्राइड यांनी दक्षिण आफ्रिकेत बोअरांच्या बाजूने ब्रिटिशांशी लढाई केली होती. लग्न टिकले नाही. मुलगा आईपाशी फ्रान्समध्ये वाढला आणि त्याच्या इंग्रजी बोलण्यातली फ्रेंच ढब शेवटपर्यंत गेली नाही. एप्रिल १९१६ मध्ये डब्लिनमध्ये ईस्टरचा उठाव झाला. त्याच महिन्यात इकडे बेळगावात टिळक होमरूल लीगची स्थापना करत होते, आणि ‘होमरूल’ हे नावही आयर्लंडच्याच चळवळीतून आलेले होते. उठाव चिरडला गेला आणि ५ मे रोजी किल्मेनम तुरुंगात मेजर मॅक्ब्राइड यांना गोळ्या घालण्यात आल्या. मुलगा तेव्हा बारा वर्षांचा होता.

पुढच्या काही वर्षांत हा मुलगा आयर्लंडला आला, आयआरएत दाखल झाला आणि ब्रिटिश फौजांविरुद्ध लढला. १९२१ च्या अखेरीस लंडनमध्ये तहाची बोलणी चालू होती, तेव्हा आयरिश नेते मायकेल कॉलिन्स यांच्या दिमतीला असलेल्या तरुणांत तो होता. तह झाला, पण त्याला तो मान्य नव्हता. तहाने आयर्लंडची फाळणी पक्की झाली, ब्रिटिश राजाशी निष्ठेची शपथ कायम राहिली आणि कालचे सोबती एकमेकांवर बंदुका रोखून उभे राहिले. या यादवीत नव्या आयरिश सरकारने मॅक्ब्राइड यांना पकडून माउंटजॉय तुरुंगात टाकले. कोठडीत त्यांच्याबरोबर तहविरोधकांचे एक पुढारी रोरी ओ'कॉनर होते.

८ डिसेंबर १९२२ च्या पहाटे ओ'कॉनर यांना त्या कोठडीतून बाहेर नेण्यात आले आणि इतर तिघांसह गोळ्या घालून ठार करण्यात आले. त्यांच्यावर कोणताही खटला चालला नव्हता. आदल्या दिवशी संसदेच्या एका सदस्याचा खून झाला होता आणि त्याचा वचपा म्हणून आधीपासून कोठडीत असलेल्या चौघांना निवडले गेले. या निर्णयाला संमती देणाऱ्या मंत्र्यांत केव्हिन ओ'हिगिन्स होते. जेमतेम वर्षापूर्वी त्यांच्या लग्नात नवरदेवाचा पाठराखा म्हणून हेच ओ'कॉनर उभे होते. १९२७ मध्ये ओ'हिगिन्स यांचा खून झाला, तेव्हा पोलिसांनी संशयावरून मॅक्ब्राइड यांनाही उचलले. खुनाच्या वेळी ते देशाबाहेर होते.

बिनचौकशीची शिक्षा म्हणजे काय, हे ॲम्नेस्टीच्या बहुतेक संस्थापकांना पुस्तकांतून आणि खटल्यांच्या कागदांतून ठाऊक होते. मॅक्ब्राइड यांना ते शेजारच्या रिकाम्या बिछान्यावरून ठाऊक होते. शिवाय ज्या सरकारने हे केले, ते परकीय नव्हते, त्यांच्याच स्वातंत्र्यलढ्यातून निघालेले होते. स्वकीयांचे सरकारही असे वागू शकते, ही शिकवण ज्याने तरुणपणीच घेतली, त्याला पुढे मॉस्को, लंडन, प्रिटोरिया किंवा आक्रा यांच्यात आपपरभाव करणे जड गेले असणार.

१९३७ मध्ये आयर्लंडने नवी राज्यघटना स्वीकारली. आता सनदशीर मार्ग खुला झाला, असे मॅक्ब्राइड यांचे मत बनले. त्यांनी आयआरए सोडली आणि वकिलीची सनद घेतली. जुन्या साथीदारांना मात्र त्यांनी वाऱ्यावर सोडले नाही, न्यायालयांत ते त्यांच्यासाठी लढत राहिले. १९४६ मध्ये पोर्टलीश तुरुंगात शॉन मॅककॉही हा आयआरएचा कैदी अन्नपाण्याविना उपोषण करून मेला. त्या मृत्यूच्या चौकशीत मॅक्ब्राइड यांनी तुरुंगाच्या डॉक्टरांना विचारले, की या माणसाला ज्या अवस्थेत ठेवले होते, त्या अवस्थेत तुम्ही आपला कुत्रा ठेवाल का? डॉक्टरांनी थोडे थांबून नाही म्हटले. आयर्लंडमध्ये हे उत्तर घरोघर पोचले.

त्याच वर्षी त्यांनी ‘क्लान ना पोब्लाख्ता’ हा पक्ष काढला. १९४८ च्या निवडणुकीत त्याला दहा जागा मिळाल्या आणि आघाडी सरकारात मॅक्ब्राइड परराष्ट्रमंत्री झाले. आयर्लंड प्रजासत्ताक झाले ते याच सरकारच्या काळात, १९४९ मध्ये. देशाची फाळणी कायम आहे तोवर नाटोत जायचे नाही, ही भूमिकाही तेव्हाचीच. पुढे कामाला आलेली गोष्ट मात्र रोममध्ये घडली. ४ नोव्हेंबर १९५० रोजी तिथे युरोपीय मानवी हक्क करारावर सह्या झाल्या आणि आयर्लंडच्या वतीने सही होती मॅक्ब्राइड यांची.

याच मंत्रिपदाच्या काळातली एक गोष्ट त्यांचे चाहते सांगायची टाळतात. आरोग्यमंत्री नोएल ब्राउन हे त्यांच्याच पक्षाचे. आया आणि मुले यांना मोफत वैद्यकीय मदत देणारी योजना त्यांनी आणली. कॅथलिक बिशपांनी ती उधळून लावली आणि एप्रिल १९५१ मध्ये ब्राउन यांचा राजीनामा मागितला तो मॅक्ब्राइड यांनीच. तुरुंगाच्या डॉक्टरला निरुत्तर करणारा हा वकील बिशपांपुढे मात्र नमला. सरकार लवकरच गडगडले, पक्ष आकसत गेला आणि १९५७ मध्ये त्यांची स्वतःची जागाही गेली. माझ्या मते ॲम्नेस्टीला हे नुकसान लाभले. डब्लिनच्या संसदेत जम बसला असता, तर हा माणूस लंडनला कशाला येता?

जागा गेल्यावर ते पुन्हा वकिलीकडे वळले. आयर्लंड सरकारने जेरार्ड लॉलेस या तरुणाला १९५७ मध्ये खटल्याविना डांबून ठेवले होते. त्याचे प्रकरण मॅक्ब्राइड यांनी स्ट्रासबर्गला नेले. युरोपीय मानवी हक्क न्यायालयापुढे आलेला हा पहिला खटला. ज्या करारावर आपण मंत्री म्हणून सही केली, तोच करार आपल्याच देशाविरुद्ध चालवणारे वकील फार नसतील. १ जुलै १९६१ रोजी निकाल लागला आणि तो त्यांच्या अशिलाच्या विरोधात गेला. पण एखादा नागरिक आपल्या सरकारला आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत खेचू शकतो, हे या खटल्याने दाखवून दिले.

या निकालाच्या महिनाभर आधी, २८ मे १९६१ रोजी, लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’ या साप्ताहिकात पीटर बेनेन्सन यांचा ‘विस्मृतीत गेलेले कैदी’ हा लेख आला होता. बेनेन्सन हे इंग्रज बॅरिस्टर होते. श्रीमंत घरातले, ईटनमध्ये शिकलेले, नुकतेच कॅथलिक झालेले आणि कल्पनांनी सतत पेटलेले. लेखाबरोबर सहा कैद्यांची छायाचित्रे होती. त्यांत रुमानियाचे तत्त्वज्ञ कॉन्स्टंटिन नोइका होते, तसेच पुढे अंगोलाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले कवी-डॉक्टर आगोस्तिन्हो नेतोही होते. मोहीम एका वर्षापुरती ठरली होती. पण पत्रे, पैसे आणि कैद्यांची नावे यांचा असा ओघ सुरू झाला, की ती थांबवणे कुणाच्या हाती राहिले नाही. जुलैमध्ये लक्झेंबर्गला पहिली आंतरराष्ट्रीय बैठक झाली आणि मोहिमेची संस्था झाली. लुई ब्लॉम-कूपर हे वकील आणि एरिक बेकर हे क्वेकर कार्यकर्ते सुरुवातीपासून सोबत होते. कचेरी म्हणजे बेनेन्सन यांचीच वकिलीची जागा, लंडनच्या मिटर कोर्टात.

कामाची पद्धत साधी आणि मोठी धूर्त होती. गावोगावी छोटे गट करायचे आणि प्रत्येक गटाने तीन कैदी दत्तक घ्यायचे: एक पाश्चात्त्य देशांतला, एक साम्यवादी देशांतला आणि एक तिसऱ्या जगातला. मग त्या-त्या सरकारला, तुरुंगाधिकाऱ्याला, वकिलातीला पत्रे लिहायची. धमकी नाही, शिवीगाळ नाही, नम्र भाषेत पण न थकता. कैद्याच्या घरी शक्य ती मदत पाठवायची. स्वतःच्या देशातल्या कैद्याच्या प्रकरणात मात्र हात घालायचा नाही. शीतयुद्ध ऐन भरात होते. एका बाजूच्या तुरुंगांवर बोलणारा दुसऱ्या बाजूचा हस्तक ठरे. या तीनच्या हिशेबामुळे असा आरोप करणाऱ्याची पंचाईत होई. पहिल्या वर्षअखेरीस ७० गटांनी २१० कैदी दत्तक घेतले होते. १९६२ च्या मध्यापर्यंत ज्या देशांत गट निघाले किंवा निघू घातले होते, त्यांत भारतही होता.

फेब्रुवारी १९६२ मध्ये मॅक्ब्राइड ॲम्नेस्टीच्या वतीने एका कैद्याची बाजू मांडायला प्रागला गेले. आर्चबिशप योसेफ बेरान नाझींच्या छळछावणीतून वाचले होते आणि नंतर चेकोस्लोव्हाकियाच्या साम्यवादी सरकारने त्यांना नजरकैदेत टाकले होते. ऑब्झर्व्हरमधल्या सहा छायाचित्रांत त्यांचेही एक होते. मॅक्ब्राइड यांची निवड अचूक होती. साम्राज्याविरुद्ध लढलेला, मंत्रिपद भूषवलेला, नाटोला नकार दिलेला हा पाहुणा, त्याला साम्राज्यवाद्यांचा दलाल म्हणणे प्रागला सोपे नव्हते. १९६३ मध्ये बेरान यांची नजरकैद संपली आणि १९६५ मध्ये ते रोमला जाऊ शकले. हे श्रेय संस्थेने आपल्या खात्यावर मांडले नाही. सुटकेचे श्रेय मागायचे नाही, ही प्रथाच पडली, आणि ती शहाणपणाची होती. पत्रांपुढे झुकल्याचा बोभाटा झाला, की कुठलेही सरकार पुढचा कैदी सोडायला कचरते.

१९६३ मध्ये आंतरराष्ट्रीय कार्यकारिणी बनली आणि मॅक्ब्राइड तिचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी ते जिनिव्हाच्या ‘इंटरनॅशनल कमिशन ऑफ ज्युरिस्ट्स’चे सरचिटणीसही झाले. दोन्ही पदे एकाच माणसाकडे असण्याचे फायदे लगेच दिसले, तोटे चार वर्षांनी.

नियमाची खरी परीक्षा १९६४ मध्ये झाली. दक्षिण आफ्रिकेत नेल्सन मंडेला १९६२ मध्ये पकडले गेले, ते परवान्याविना देश सोडणे आणि संपाला चिथावणी देणे या आरोपांवरून. तेव्हा ॲम्नेस्टीने त्यांना दत्तक घेतले होते. पण रिव्होनिया खटल्यात मंडेलांनी भर न्यायालयात सांगितले, की घातपाताच्या मार्गाची आखणी आपण केली आणि ती विचारपूर्वक केली. आता काय करायचे? संस्थेत कडाक्याची चर्चा झाली. वर्णद्वेषी राजवटीत सनदशीर मार्गच शिल्लक नव्हता, मग हिंसेचा दोष कुणाचा, असे एक बाजू विचारत होती. सदस्यांचा कौल घेतला गेला आणि बहुमताने नियम कायम ठेवला. मंडेला सदसद्विवेकाचे कैदी राहिले नाहीत. त्यांना न्याय्य वागणूक मिळावी, त्यांचा छळ होऊ नये, यासाठी मात्र संस्था बोलत राहिली.

मला यात सर्वांत विलक्षण वाटते ती अध्यक्षांची जागा. मंडेलांनी जे केले, ते मॅक्ब्राइड यांनीही केले होते, त्यांच्या वडिलांनी तर त्यापायी प्राण दिले होते. तरीही त्यांच्या अध्यक्षतेखालची संस्था या नियमाला धरून राहिली. कुणी याला ढोंग म्हणेल. मला ते ढोंग वाटत नाही. सशस्त्र लढा कधी न्याय्य असतो, हा एक प्रश्न आहे. पन्नास देशांतल्या सरकारांना पत्र लिहिणाऱ्या संस्थेने कुणाची वकिली करावी, हा दुसरा. बंदूक हाताळलेल्या माणसालाच या दोहोंतली रेघ स्पष्ट दिसत असावी. एकदा बंदुकीची बाजू घेतली, की ‘आम्ही फक्त माणूस पाहतो, पक्ष पाहत नाही’ हे म्हणायची सोय संपते. पण मंडेलांच्या बाबतीत त्या नियमाची किंमत कुणी मोजली, हेही विसरता येत नाही. २००६ मध्ये ॲम्नेस्टीने मंडेलांना ‘ॲम्बॅसडर ऑफ कॉन्शन्स’ हा आपला सर्वोच्च सन्मान दिला.

१९६६-६७ साली संस्था जवळजवळ फुटली. एडनमध्ये ब्रिटिश फौजा कैद्यांचा छळ करतात, असा अहवाल तयार झाला होता. तो लंडनच्या कचेरीनेच दडपला आणि कचेरीत ब्रिटिश परराष्ट्र खात्याची माणसे शिरली आहेत, असा बेनेन्सन यांचा संशय होता. मग उलट बाजूने गौप्यस्फोट झाला: ऱ्होडेशियातल्या कैद्यांच्या कुटुंबांना जी मदत जात होती, तिच्यातला पैसा ब्रिटिश सरकारकडून गुपचूप आलेला होता, आणि हे बेनेन्सन यांना ठाऊक होते. एवढ्यात अमेरिकेत सीआयएच्या छुप्या देणग्यांचे प्रकरण फुटले. त्यांच्या यादीत ‘इंटरनॅशनल कमिशन ऑफ ज्युरिस्ट्स’चे नाव होते, म्हणजे मॅक्ब्राइड सरचिटणीस असलेली संस्था. आपल्याला याची कल्पना नव्हती, असे मॅक्ब्राइड यांनी सांगितले. बेनेन्सन यांनी त्यांच्यावरही बोट रोखले.

सरकारांपासून अलिप्त राहण्याची शपथ वाहिलेल्या संस्थेवर एकाच वेळी दोन सरकारांच्या पैशाची सावली पडली होती. मार्च १९६७ मध्ये डेन्मार्कमधल्या एल्सिनोर इथे कार्यकारिणी भरली. हॅम्लेटचे गाव ते, तिथे विश्वासघाताची चर्चा व्हावी हा योगायोगच म्हणायचा. बेनेन्सन यांच्याकडे असलेले संस्थेचे अध्यक्षपदच रद्द झाले आणि ते स्वतःच्या संस्थेबाहेर पडले. कारभार तात्पुरता एरिक बेकर यांनी सांभाळला, मॅक्ब्राइड कार्यकारिणीचे अध्यक्ष राहिले. बेनेन्सन यांच्यावर अन्याय झाला असे मला म्हणवत नाही, पण त्यांच्या मनाची जी घालमेल त्या काळात झाली, ती वाचताना वाईट वाटते. पुढे बऱ्याच वर्षांनी ते संस्थेच्या कामात परतले.

या पडझडीनंतर संस्थेने पैशाचे कडक नियम केले आणि १९६८ मध्ये मार्टिन एनल्स हे सरचिटणीस झाले. एकट्याच्या प्रेरणेवर चालणारी मोहीम संपून संशोधक, फाइली आणि वार्षिक अहवाल यांची संस्था खऱ्या अर्थाने इथून सुरू झाली. मॅक्ब्राइड त्या बदलाच्या आड आले नाहीत, आणि आपल्याकडच्या संस्थांचा अनुभव पाहता हेही थोडे नव्हे.

ऑगस्ट १९७१ मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटिश सरकारने शेकडो लोकांना खटल्याविना डांबले. त्यांतल्या काहींना डोक्यावर बुरखे चढवून, तासन् तास भिंतीला टेकवून उभे करून, कर्कश आवाज आणि झोपमोड यांच्या माऱ्यात जेरीस आणले गेले. ॲम्नेस्टीचे अध्यक्ष आयरिश, मुख्यालय लंडनला, आणि प्रकरण या दोघांमधले. चौकशीला ब्रिटिश किंवा आयरिश माणसे न पाठवता परक्या देशांतली पाठवली गेली. कैद्यांना क्रूर वागणूक मिळाली, हा समितीचा निष्कर्ष होता.

त्यानंतर छळाविरुद्धची जागतिक मोहीम हाती घेतली गेली. आतापर्यंत संस्था विशिष्ट कैद्यांची बाजू घेत होती. छळाच्या बाबतीत तो कैदी कोण, त्याने बंदूक उचलली की नाही, हा प्रश्नच गैरलागू होता. फेब्रुवारी १९७३ मध्ये ब्राझीलचे प्राध्यापक लुईझ बाझिलिओ रोसी पकडले गेले. त्यांचा छळ होण्याची भीती होती आणि नेहमीच्या पत्रव्यवहाराला वेळ नव्हता. म्हणून सगळ्या गटांनी एकदम तारा आणि पत्रे पाठवावीत, असे पहिले ‘तातडीचे आवाहन’ मार्चमध्ये निघाले. त्याच वर्षी डिसेंबरात पॅरिसला छळविरोधी परिषद ठरली. युनेस्कोने जागा देऊ केली होती, पण ॲम्नेस्टीच्या अहवालात सदस्य देशांची नावे आली आहेत हे पाहून आयत्या वेळी ती काढून घेतली. परिषद दुसरीकडे भरली आणि मॅक्ब्राइड यांनी तिचे अध्यक्षपद भूषवले. ९ डिसेंबर १९७५ रोजी संयुक्त राष्ट्रांनी छळविरोधी जाहीरनामा संमत केला, १९८४ मध्ये छळविरोधी करार आला.

मॅक्ब्राइड यांना १९७४ चे शांततेचे नोबेल मिळाले, जपानचे माजी पंतप्रधान एइसाकु सातो यांच्याबरोबर विभागून. ते ऑस्लोला भाषणाला उभे राहिले, त्याच्या तीन आठवडे आधी बर्मिंगहॅमच्या दोन दारूगुत्त्यांत बॉम्ब फुटून २१ माणसे मेली होती. ते बॉम्ब ज्या संघटनेचे, ती त्यांच्या जुन्या संघटनेचे नाव लावत होती. ऑस्लोत ते बोलले मुख्यतः अण्वस्त्रांबद्दल. त्याच वर्षी त्यांनी ॲम्नेस्टीचे अध्यक्षपद सोडले. संयुक्त राष्ट्रांचे नामिबियासाठीचे आयुक्त म्हणून ते आधीच कामाला लागले होते. पुढे युनेस्कोच्या संपर्क माध्यमविषयक आयोगाचे ते अध्यक्ष झाले. त्या आयोगावर गार्सिया मार्क्वेझ होते, आणि भारतातून पत्रकार बी. जी. व्हर्गिस. आंतरराष्ट्रीय शांतता ब्युरोचे कामही अखेरपर्यंत होतेच. १५ जानेवारी १९८८ रोजी डब्लिनमध्ये त्यांचे निधन झाले.

मॅक्ब्राइड यांनी अध्यक्षपद सोडल्याने संस्थेचे काही अडले नाही. त्याच १९७४ मध्ये तिने पश्चिम बंगालच्या तुरुंगांतल्या परिस्थितीवर अहवाल काढला, तेव्हा दिल्लीत नाराजी पसरली. १९७५ नंतर आणीबाणीतल्या भारतीय स्थानबद्धांची प्रकरणेही तिच्या फाइलींत आली. १९७७ मध्ये संस्थेला स्वतःचे नोबेल मिळाले आणि तिच्या वतीने व्याख्यान दिले मुम्ताझ सोयसाल यांनी. हे तुर्कस्तानचे घटनातज्ज्ञ लष्करी राजवटीत तुरुंगात होते आणि ॲम्नेस्टीने त्यांना दत्तक घेतले होते.

१९९१ मध्ये योकोहामाच्या अधिवेशनात संस्थेने आणखी एक पाऊल टाकले. सरकारांबरोबर सशस्त्र संघटनांच्या अत्याचारांचीही चौकशी करायची, असे ठरले. १९९४ मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या राजकीय हत्यांवर तिचा अहवाल आला. त्यात ब्रिटिश सुरक्षा दले होती, त्यांच्या बाजूच्या निमलष्करी टोळ्या होत्या आणि आयआरएही होती.